एका डब्यावर दोन टीव्ही

आप्पांनी एकतीस वर्षं लिफ्ट चालवली. एका विमा कंपनीची सात मजल्यांची कचेरी होती, तिथं. लोखंडी जाळीचं दार, पितळी दांडा आणि बसायला एक उंच स्टूल, एवढाच त्यांचा संसार. पण त्या चार बाय चारच्या जागेत अख्खी कचेरी दिवसातून चारदा येऊन जाई. वरून घंटी वाजली की ती कुणी दाबली हे आप्पांना बघावं लागत नसे. मोठे साहेब एकदाच आणि लांब दाबत. टायपिस्ट बाई दोनदा हलकेच टिचकी मारल्यासारखं दाबत. टपाल विभागातला कारकून लिफ्ट येईपर्यंत बोट काढतच नसे. आप्पा खालूनच ओरडत, "आलो रे बाबा, घंटी खाऊन टाकशील!"

मजल्यामजल्याला लोक बदलत, त्यामुळे आप्पांना कुठलीच गोष्ट एका दमात ऐकायला मिळाली नाही. कुणाच्या बदलीची सुरुवात सकाळी वर जाताना कानावर यायची, तिचा शेवट संध्याकाळी खाली येताना. मधला भाग ते स्वतःच जुळवत. ते निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले होते की या माणसाला कचेरीतलं जेवढं माहीत आहे तेवढं मलाही नाही. लोक हसले. आप्पा हसले नाहीत, कारण ते खरंच होतं.

निवृत्तीनंतर नऊ वर्षांनी ते न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, सळई बसली, आणि आप्पा आतल्या खोलीतल्या पलंगावर आले. वॉकर धरून मोरीपर्यंत जाता येई, पण हॉलमध्ये जायचं तर मधे दोन पायऱ्या उतराव्या लागत, आणि पायऱ्यांना डॉक्टरांनी साफ मनाई केली होती. एकाच घरात राहून आप्पांना हॉल परगावी गेल्यासारखा झाला.

घरात माणसं तशी मोजकी. मुलगा औषधांच्या गोदामात मालाची नोंद ठेवायचा, अतिशय टापटिपीचा. सून चष्म्याच्या दुकानात दुपारपर्यंत काम करायची. आणि बारा वर्षांची नात, जिला आप्पा 'चिमणे' म्हणून हाक मारत.

पहिल्याच आठवड्यात आप्पांनी छताकडे बघून जाहीर केलं, "छतावर बत्तीस तडे आहेत. उद्यापासून भिंती मोजतो."

मुलानं ते मनावर घेतलं आणि केबलवाल्याला बोलावून आणलं. केबलवाला पन्नाशीचा, अंगानं भरलेला, वाकला की धाप लागणारा. त्याची एक सवय होती. तो काम करताना तारांशी मोठ्यानं बोलायचा. "तू भिंतीतून आलीस, जा केबलच्या डब्यात. तू डब्यातून निघालीस, चल रेकॉर्डरच्या आत. आत म्हणजे डावीकडच्या भोकात बाई, उजवीकडं नव्हे. आणि तू रेकॉर्डरमधून बाहेर आलीस, तुझ्या आता दोन करायच्यात." असं म्हणत त्यानं स्प्लिटर नावाचा एक चपटा तुकडा काढला, ज्यात एक तार शिरते आणि दोन बाहेर पडतात. एक तार हॉलमधल्या टीव्हीला गेली. दुसरी भिंतीच्या कडेकडेनं, दोन पायऱ्या चढून, चौकटीला पाडलेल्या भोकातून आप्पांच्या खोलीत आली. तिथं कपाटावर घरातला जुना छोटा टीव्ही ठेवला होता, तो या तारेच्या टोकाला जोडला.

"आजोबा," केबलवाला घाम पुसत म्हणाला, "तुमचा टीव्ही तीन नंबरावर ठेवायचा. बाकी कशाला हात लावायचा नाही. बाहेर जे लागेल ते तुम्हाला इथं पडल्यापडल्या दिसेल. कॅसेट लावली तर तीपण."

"आणि मला दुसरं काही बघायचं असेल तर?"

"डबा एकच आहे आजोबा. डबा दाखवेल ते दोघांनी बघायचं."

"म्हणजे मी काय बघायचं ते हे लोक ठरवणार!"

"घरोघरी तेच चालतं," केबलवाला म्हणाला आणि पक्कड खिशात घालून निघून गेला.

त्या संध्याकाळपासून घरात नवा तमाशा सुरू झाला. आप्पा बातम्यांत रंगलेले असत आणि एकदम पडद्यावर नाचणारं अस्वल येई. "कुणी बदललं रे?" आतून गर्जना व्हायची. "आप्पा, पाचच मिनिटं!" बाहेरून उत्तर जाई. "तुझी पाच मिनिटं मला माहीत आहेत चिमणे, घड्याळाला ती पाऊण तास वाटतात!" मग सुनेचा आवाज, "अगं लाव गं त्यांना बातम्या, नाहीतर शेजारी येतील विचारायला." शेवटी बातम्या लागत, तोवर त्या संपत आलेल्या असत.

पण पंधरा दिवसांत आप्पांच्या लक्षात एक गंमत आली. चित्र बदलतं कसं, यावरून बाहेर कोण बसलंय ते कळत होतं. मुलगा एक नंबरापासून सुरुवात करी आणि मधला एकही न गाळता चढत जाई, गोदामात खोकी मोजतो तसा. सून सरळ हव्या त्या नंबरावर जाऊन थांबे. नात दोन कार्यक्रम एकदम बघे. इकडचं अर्धं वाक्य, तिकडचं अर्धं वाक्य. तिनं शाळेतून येऊन बूट काढायच्या आधी आतून आवाज येई, "आलीस का चिमणे? आधी हात धू."

"आई गं! आप्पांना भिंतीतून दिसतं," नात म्हणायची.

हळूहळू आप्पांना कामंही लागली. सुनेची एक मालिका होती. जाहिराती लागल्या की ती उठून स्वयंपाकघरात जाई, आणि स्वयंपाकघर होतं आप्पांच्या खोलीला लागून. मालिका पुन्हा सुरू झाली की आप्पा भिंतीवर थाप मारत. "चला, लागलं!" सून हात पुसत हॉलकडे धावे. कधी कणकेच्या हातानं आप्पांच्याच दारात उभी राही आणि तिथूनच चार मिनिटं बघून घेई. "ही सासू आता कागद लपवणार बघा," ती म्हणे. "लपवणार नाही, जाळणार," आप्पा सांगत. "तिच्या हातात मघाशी काडेपेटी होती, तू कुकर बघायला गेलीस तेव्हा." मालिकेतले मधले सगळे दुवे आप्पांकडे असत.

मुलाचं काम वेगळं होतं. त्याला बॅडमिंटनचा भारी नाद. सामने दुपारी असत, तेव्हा तो गोदामात. मग सकाळी निघताना तो कोरी कॅसेट रेकॉर्डरमध्ये सरकवे, वेळ लावून ठेवी, डबा खेळाच्या नंबरावर ठेवी आणि आत डोकावून सांगे, "आप्पा, दोन ते पाच कुणाला बदलू देऊ नका. डब्यावर जे असेल तेच रेकॉर्ड होतं." आप्पा तीन तास डोळ्यांत तेल घालून राखण करत. चित्र हललं रे हललं की ओरडत, "सोड! तुझ्या बापाची मॅच चालली आहे!"

हे सगळं चालू असताना आप्पांची एक तक्रार मात्र रोजच्या रोज होती. मुलगा गोदामातून येऊन पलंगाशी बसला की ते म्हणत, "मला माझा वेगळा डबा आणून दे. एकतीस वर्षं लिफ्टमध्ये दुसरे म्हणतील त्या मजल्यावर गेलो. आता अंथरुणावर पडूनही दुसरे म्हणतील तेच बघायचं?" आठ महिन्यांत असा एक दिवस गेला नाही, की हे वाक्य झालं नाही.

मुलगा फारसा बोलका नव्हता, पण ऐकलेलं विसरणारा नव्हता. एका शनिवारी सकाळी केबलवाला पुन्हा दारात उभा राहिला. काखेत नवाकोरा डबा. त्यानं भिंतीपाशीच तारेच्या दोन केल्या. एक हॉलच्या डब्याला, दुसरी आप्पांच्या. आप्पांच्या हातात त्यांचा स्वतःचा रिमोट आला. मुलगा दाराला टेकून बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर एवढं समाधान होतं, की आप्पांनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "शाब्बास. आता मी या खोलीचा राजा."

तीन दिवस राज्य जोरात चाललं. आप्पांनी सगळ्या बातम्या बघितल्या. कुस्त्या बघितल्या. देवमाशांवरचा एक कार्यक्रम तर पूर्ण बघितला, आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट अथपासून इतिपर्यंत.

चौथ्या दिवशी संध्याकाळी हॉलमध्ये तिघंही मोठ्यानं हसली. आप्पांनी मान उचलली. त्यांच्या पडद्यावर एक गृहस्थ धरणाची उंची सांगत होता.

"काय झालं रे?" त्यांनी विचारलं.

"काही नाही आप्पा, टीव्हीवर गंमत होती," बाहेरून उत्तर आलं, आणि पुन्हा हसणं.

आप्पांनी रिमोट उचलला आणि एकेक नंबर दाबत ती गंमत शोधायला लागले. आवाज बारीक करायचा, हॉलमधून काय ऐकू येतं त्याकडे कान द्यायचा, तोच आवाज आपल्या टीव्हीतून निघतो का ते बघायचं. सापडला तेव्हा गंमत संपून साबणाची जाहिरात लागली होती. तीही त्यांनी बघितली. तेवढ्यात नातीनं बाहेर नंबर बदलला आणि आप्पा पुन्हा धुंडाळायला निघाले. त्या दिवशी तिनं अकरा वेळा बदललं. आप्पांना चारच सापडले.

मग रोज हेच व्हायला लागलं. आता घरात भांडण राहिलं नव्हतं. कुणी कुणावर ओरडत नव्हतं. नात शाळेतून येऊन परस्पर सोफ्यावर बसे. जाहिराती लागल्या की सून स्वयंपाकघरात जाई, आणि मालिका सुरू झाल्याचं कळत नसे म्हणून अर्ध्यातच परत पळे. आप्पांच्या दारात उभं राहायचं तिला कारण नव्हतं. आप्पांनी एकदा अंदाजानं थाप मारली, "चला, लागलं!" सून धावत हॉलमध्ये गेली. तिथं अजून दातांची पावडर चालू होती. "आप्पा, कुठं लागलं?" तिनं विचारलं. आप्पांनी रिमोटकडे बघितलं. त्यांनी चुकीचा नंबर धरला होता.

जेवणाचं ताट वेळेवर येत होतं. औषध वेळेवर येत होतं. मुलगा रोज विचारत होता, "डबा ठीक चाललाय ना?" आणि आप्पा म्हणत होते, "फर्स्ट क्लास." दुसरं काय म्हणणार? आठ महिने ज्याच्यासाठी कटकट केली, ते मुलानं न बोलता हातात आणून ठेवलं होतं. आता 'नको' कुठल्या तोंडानं म्हणायचं? आणि म्हटलं तर कारण काय सांगायचं? की तुम्ही मला विचारून टीव्ही बदलत नाही, म्हणून करमत नाही? त्यांचं त्यांनाच ते वाक्य बालिश वाटे.

तेव्हा त्यांनी आडवाट धरली. डब्यालाच दोष द्यायचं ठरवलं. "हा तापतो," ते मुलाला म्हणाले. "वास येतो. काढून टाकलेला बरा."

केबलवाला आला, डब्यावर तळहात ठेवून बसला, नाक लावून हुंगलं. "आजोबा, माझ्या डोक्यापेक्षा थंड आहे."

"तू गेलास की तापतो."

"असं का," केबलवाला म्हणाला. माणूस कामाला चोख. तो संध्याकाळी आणखी नवा डबा घेऊन आला आणि जुना बदलून गेला. "हा बघा, हा आयुष्यात तापायचा नाही!"

आप्पांनी कपाळाला हात लावला. केबलवाल्याला वाटलं, नमस्कार करतायत. त्यानं उलट नमस्कार केला.

असाच महिना गेला. आणि बॅडमिंटनचा अंतिम सामना आला.

त्या सकाळी मुलानं कॅसेट घातली, वेळ लावली, डबा खेळाच्या नंबरावर ठेवला आणि आत डोकावून नेहमीप्रमाणे म्हणाला, "आप्पा, दोन ते पाच." आप्पा म्हणाले, "बरं." दोघांच्याही जिभेला ती सवय झाली होती. यात काही चुकतंय हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

दुपारी आप्पा आपल्या डब्यावर तोच सामना बघत बसले. चित्र हललं नाही. हलणार कसं? सव्वाचारला नात आली. तिनं बूट काढले, हात न धुता रिमोट उचलला आणि हॉलचा डबा गाण्याच्या स्पर्धेवर नेला. आप्पांच्या पडद्यावर सामना चालूच होता. त्यांनी समाधानानं मान हलवली.

मुलाला गोदामात कुणी निकाल सांगू नये म्हणून त्यानं जेवणाच्या सुट्टीनंतर कानात कापूस घातला होता. रस्त्यानंही तो खाली मान घालून आला. घरी येऊन हातपाय धुऊन, खुर्ची समोर ओढून त्यानं कॅसेट लावली. दोन गेम झाले. तिसरा, निर्णायक गेम सुरू झाला. गुण अकरा-अकरा झाले. खेळाडूनं सर्व्हिससाठी हात वर केला आणि तिथं एकदम जांभळ्या झग्यातली एक मुलगी माइक घेऊन गायला लागली.

मुलानं कॅसेट मागं घेतली, पुढं घेतली. मुलगी गातच होती.

"चिमणे!" तो ओरडला.

"बाबा, मला कुणी सांगितलंच नाही!" नात रडकुंडीला आली. "आप्पा ओरडले नाहीत, म्हणून मला वाटलं आज मॅच नाही!"

"आप्पा, तुम्ही ओरडला का नाहीत?" मुलानं हॉलमधूनच विचारलं.

आतून आप्पा म्हणाले, "मला कसं कळणार रे? माझी मॅच नीट चालली होती."

सून स्वयंपाकघरातून झारा घेऊन बाहेर आली होती. ती म्हणाली, "अहो, त्यांचा डबा वेगळा नाही का! त्यांना आता इकडचं काय दिसतं?" आणि मग एकदम, मनात बरेच दिवस साचलेलं ओठावर यावं तशी बोलून गेली, "मलासुद्धा महिनाभर मालिकेचा पत्ता नाही. त्या कागदाचं काय झालं, कुणाला विचारू?"

"मला विचारू नकोस," आतून आप्पा म्हणाले. "मी महिनाभर धरणं बघतोय."

मुलगा उठला, पायऱ्या चढून दारात आला. आप्पा पलंगावर उशीला टेकून बसले होते. त्यांनी टीव्ही बंद केला. रिमोट पालथा घालून गादीवर ठेवला.

"हा डबा काढून टाक," ते म्हणाले.

"आप्पा, आठ महिने तुम्हीच मागत होतात!"

"मागत होतो."

"मग? तापतो म्हणालात, तो बदलला. आता काय झालं त्याला?"

"त्याला काही झालेलं नाही. तापतबिपत नव्हता कधी. खोटं बोललो मी." आप्पांनी चादरीची सुरकुती तळहातानं सरळ केली. "तुम्ही बदलत होतात तेव्हा मी चिडत होतो. पण तुम्ही तिथं आहात हे कळत तरी होतं. आता तुम्ही तिथं आणि मी इथं. मला बातम्या नकोत. मला तुमच्यात बसायचंय. पायऱ्या मला उतरता येत नाहीत, म्हणून म्हणतो."

मुलानं चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाला, "रविवारी केबलवाल्याला बोलावतो."

"रविवार कशाला? आत्ता कर. तो काय करतो ते मला पाठ आहे."

"तुम्ही कधी बघितलंत? तुम्ही तर इथं होतात."

"बघितलं नाही. ऐकलं. तो बडबडत होता ना."

मग ती वरात निघाली. मुलगा हॉलमधल्या टीव्हीच्या मागं गुडघ्यांवर, सून पायऱ्यांवर निरोप पोचवायला, नात आप्पांच्या खोलीत त्यांच्या डब्याच्या पिना उपसायला. आप्पा पलंगावरून हुकूम सोडत होते.

"भिंतीपाशी तो चपटा तुकडा आहे, तो काढ. भिंतीची तार सरळ डब्यात घाल."

"घातली म्हणतायत," सून म्हणाली.

"डब्यातली रेकॉर्डरच्या आत. डावीकडचं भोक."

"उजवीकडं घातली म्हणतायत."

"कशाला? डावीकडं म्हणालो ना! मालाची नोंद अशीच ठेवतोस का रे?"

"काढली! घातली!" हॉलमधून धुळीनं घुसमटलेला आवाज आला.

"आता रेकॉर्डरची बाहेर आली, तिला तो तुकडा जोड. एक तोंड तुझ्या टीव्हीला, दुसरं माझ्या तारेला. चिमणे, माझी तार टीव्हीत घाल. टीव्ही कुठं ठेवायचा?"

"तीन नंबरावर."

"शहाणी आहेस."

पडद्यावर मुंग्या आल्या. मग आडव्या रेघा आल्या. मुलानं बाहेर एक पिन घट्ट पिळली आणि एकदम जांभळ्या झग्यातली मुलगी आप्पांच्या खोलीत गायला लागली. कॅसेट बंद करायची राहून गेली होती.

"आलं का?" मुलानं ओरडून विचारलं.

"आलं!" तिघंही एकदम म्हणाली.

मुलगा कोपरावरची जळमटं झटकत दारात आला. "एक सुचवू का आप्पा? तुमचा डबा राहू दे. मधे एक बटण बसवू. पाहिजे तेव्हा आमचं बघा, पाहिजे तेव्हा तुमचं."

आप्पांनी विचार केला. मग मान हलवली. "नको. बटण असलं की मी दाबणार."

चार दिवसांनी संध्याकाळी केबलवाला तो जादा डबा परत न्यायला आला. हातात छापील फॉर्म होता आणि त्यात परत करण्याचं कारण लिहायचं होतं. डबा चांगला, ग्राहक घरातच, कुणी गाव सोडून चाललेलं नाही. त्याला काही उलगडेना. मुलगा अजून आला नव्हता. सून आतूनच म्हणाली, "आप्पांनाच विचारा."

तो आत गेला. सून झारा हातात घेऊन आप्पांच्या चौकटीत उभी होती, नात पलंगाच्या पायथ्याशी बसली होती. तिघांचेही डोळे पडद्यावर.

"आजोबा, कारण काय लिहू?"

"थांब," आप्पा त्याच्याकडे न बघता म्हणाले. "जाहिरात लागू दे, मग सांगतो."

केबलवाल्यानं फॉर्म घडी करून खिशात घातला, आणि धापा टाकत कोपऱ्यातल्या खुर्चीवर टेकला. थोड्या वेळानं त्यानं नातीला हळूच विचारलं, "ही पिवळ्या साडीतली कोण?"